खोडमाशी : नाव एक, माश्या दोन

आधी आकडे.

२ मिलिमीटर : सोयाबीनवरच्या खोडमाशीची साधारण लांबी.
३ लाख हेक्टर : वाशिम जिल्ह्यातलं खरिपाचं सोयाबीन, ठोकळमानाने.
१९०० : या माशीला शास्त्रीय नाव मिळालं ते वर्ष. ठिकाण, जावा बेट.
१ लाख ६० हजार : जगभरात आजवर नाव मिळालेल्या द्विपंखी कीटकांच्या प्रजाती. डास, चिलटं, माश्या सगळ्या धरून.
६ हजारांच्या वर : त्यांपैकी भारतातून नोंदलेल्या.
२१ वर्षं : नवी प्रजाती माणसाच्या हाती लागल्यापासून तिचं वर्णन छापून येईपर्यंत सरासरी जाणारा काळ.

पहिला आकडा शेतातला आहे आणि शेवटचा कपाटातला. मधल्या प्रवासात एका बारीक माशीचं नाव ठरतं, किंवा ठरायचं राहून जातं.

२ मिलिमीटर : शेंडा हिरवा, खोड पोकळ

ऑगस्टमध्ये रिसोड-मालेगावकडच्या सोयाबीनमध्ये उभं राहिलं तर पीक गुडघ्याच्या वर आलेलं असतं, पानं गर्द असतात. खोडमाशी लागलेलं झाडही तसंच दिसतं. ते उपटून ब्लेडने उभं चिरलं की खरी गोष्ट कळते. एरवी पांढरा असणारा आतला गाभा तांबूस-तपकिरी पडलेला असतो आणि त्यात वरून खाली एक नागमोडी बोगदा गेलेला असतो. बोगद्यात कुठेतरी पिवळट पांढरी, बिनपायाची, भाताच्या दाण्याहून लहान अळी असते. नाहीतर तपकिरी कोष. कोषाजवळ खोडाला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसलं, तर माशी निघून गेली असं समजायचं.

माशी पानाच्या मागच्या बाजूला अंडं घालते. अळी पानाच्या शिरेतून देठात आणि देठातून खोडात उतरते. अंड्यापासून माशीपर्यंतचा फेरा तीन-चार आठवड्यांचा. सोयाबीन शेतात तीन-साडेतीन महिने उभं असतं, म्हणजे एका हंगामात माशीच्या तीन पिढ्या सहज होतात. वाढलेलं झाड सहसा वाळत नाही, पण शेंगा कमी धरतात, दाणा बारीक राहतो. तोटा काट्यावर कळतो, शेतात नाही.

माशी स्वतः काळी, चकाकणारी, पंख पारदर्शक. शेतात ती दाखवून कोणी विचारलं, की 'ही खोडमाशीच ना?', तर प्रामाणिक उत्तर एकच आहे : असावी. नक्की सांगायला सूक्ष्मदर्शक लागतो.

१ शब्द, २ कुलं

'खोडमाशी' हा शब्द सोयाबीनबरोबर आलेला नाही. वऱ्हाडात सोयाबीन पसरलं १९८० च्या दशकापासून पुढे. त्याआधी इथलं खरीप म्हणजे ज्वारी आणि कापूस, आणि खोडमाशी म्हणजे ज्वारीची. ती करडी, ४ मिलिमीटरच्या आसपास लांब. ज्वारी उगवून आल्यावर पहिल्या महिन्यात तिची अळी पोंग्यात शिरते, वाढीचा शेंडाच खाते आणि मधला पोंगा वाळतो. तो ओढला की हातात येतो. जुने शेतकरी त्याला पोंगेमर म्हणतात.

ज्वारी गेली, सोयाबीन आलं, शब्द जागेवर राहिला. त्या शब्दामागची माशी मात्र बदलली. ज्वारीवरची खोडमाशी म्हणजे ॲथेरिगोना सोकाटा. ती घरमाशीच्या कुलातली. सोयाबीनवरची मेलानाग्रोमायझा सोजे. तिचं कुल पानं आणि खोडं पोखरणाऱ्या ॲग्रोमायझिड माश्यांचं. नात्याच्या भाषेत सांगायचं तर दोघी चुलतबहिणीही नाहीत. फार तर एका गावच्या.

फरक फक्त पुस्तकातला असता तर गोष्ट वेगळी होती. ज्वारीवरच्या माशीला चुकवायचा जुना उपाय म्हणजे पाऊस पडताच वेळेवर पेरणी आणि बियाणं थोडं जास्त, म्हणजे मेलेली रोपं उपटून टाकली तरी पीक विरळ होत नाही. सोयाबीनमध्ये झाड बहुधा मरतच नाही, तर उपटणार काय? तिथे भर बीजप्रक्रियेवर आणि खोड चिरून पाहण्यावर असतो. नाव एकच म्हणून उपाय एकच धरला, तर दोन्हीकडे फसगत.

त्यातही सोयाबीनच्या खोडात सापडणारी प्रत्येक काळी माशी सोजे असेलच असं नाही. ऑफिओमायझा फॅसिओली ही घेवड्यावरची माशी जवळपास तेवढीच, तशीच काळी, आणि ती सोयाबीनवरही येते. तिचा कोष बहुधा खोडाच्या तळाशी, सालीखाली असतो, तर सोजेचा आत गाभ्यात. म्हणजे माशी न पाहता कोषाच्या जागेवरून अर्धी ओळख पटते. उरलेली अर्धी पटवायला माशीच लागते.

१७५८, १८७१, १९००, १९१४ : नाव कुठून आलं

प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची गणती १७५८ पासून होते. स्वीडनच्या कार्ल लिनिअसच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती त्या वर्षीची. कारंजा-सोहोळ अभयारण्यातल्या काळविटाला त्याच वर्षी नाव मिळालं. तुमच्या ताटावर बसणाऱ्या घरमाशीलाही त्याच वर्षी. काळवीट डोळ्यात भरतं म्हणून आणि घरमाशी डोळ्यासमोरून हटत नाही म्हणून. मधल्यांना वाट पाहावी लागली.

ज्वारीवरच्या खोडमाशीला १८७१ मध्ये इटलीच्या कामिलो रोंदानी यांनी नाव दिलं. घेवड्यावरच्या माशीला १८९५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या हेन्री ट्रायन यांनी. सोयाबीनवरचीला १९०० मध्ये जावात उसावर संशोधन करणाऱ्या स्विस लिओ झेंटनर यांनी. वाशिममध्ये सोयाबीनच्या ओळींत तूर असते. तिच्या शेंगेत दाणा पोखरणारी शेंगमाशी, मेलानाग्रोमायझा ऑब्ट्यूसा, हिचं नाव १९१४ मध्ये जॉन मॅलक यांनी तैवानच्या नमुन्यांवरून ठेवलं.

म्हणजे एकाच शेतातल्या चार माश्या, आणि चौघींचं बारसं परमुलखात. यात गैर काही नाही. या माश्या आशियाभर किंवा त्याहून दूर पसरलेल्या आहेत. पण यातून एक नियम दिसतो. माशीचं नाव ती जिथे राहते तिथून येत नाही. तिच्याकडे पाहणारा माणूस जिथे बसलेला असतो तिथून ते येतं.

उलटं उदाहरण घ्या. अंजीर, डाळिंबाभोवती घोंगावणारं, पाठीवर पांढरे पट्टे असलेलं एक चिलट आहे, झाप्रिओनस इंडियानस. १९७० मध्ये भारतातल्या नमुन्यांवरून जे. पी. गुप्ता यांनी त्याचं वर्णन केलं आणि नाव 'भारतीय' पडलं. मूळचं ते आफ्रिकेचं. १९९९ मध्ये ते ब्राझीलला पोचलं आणि तिथेही 'इंडियानस'च आहे. नाव चुकीचा अर्थ सांगतं म्हणून बदलता येत नाही. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेत आधी दिलेल्या वैध नावाचा मान मोठा.

भारतातल्या माश्यांवरचं पहिलं मोठं काम एन्रिको ब्रुनेटी यांचं. हे गृहस्थ व्यवसायाने संगीतकार. ते कलकत्त्यात राहत, आणि त्यांचे तीन खंड १९१२, १९२० आणि १९२३ मध्ये आले. पण खोड पोखरणाऱ्या माश्यांचं कुल त्या तिन्ही खंडांत आलं नाही. भारतातल्या त्या कुलावर स्वतंत्र ग्रंथ आला तो १९७३ मध्ये, आग्र्याच्या सेंट जॉन्स कॉलेजातून. पहिल्या खंडानंतर ६१ वर्षांनी.

१० एकर : ४,३३२

अजून किती माश्या बिननावाच्या आहेत? थेट मोजणी फार थोड्या ठिकाणी झाली. त्यांतली एक कोस्टा रिकातली. झुरकी नावाच्या ठिकाणी डोंगरावरच्या ४ हेक्टर धुक्याच्या जंगलात, म्हणजे आपल्या हिशेबाने १० एकरांत, वर्षभर सापळे लावले. जगभरातल्या तज्ज्ञांनी नमुने वाटून घेतले. २०१८ मध्ये निकाल आला : ७३ कुलं, ४,३३२ प्रजाती. भारतभरातून आजवर जेवढ्या द्विपंखी प्रजाती नोंदल्या गेल्या, त्याच्या सुमारे ७० टक्के. अवघ्या दहा एकरांत.

वाशिमच्या दहा एकर सोयाबीनमध्ये तेवढ्या नसतील. काळ्या जमिनीवरचं एक पीक आणि डोंगरावरचं जंगल यांची बरोबरी होत नाही. पण 'नवी प्रजाती जंगलातच सापडते' हा समजही टिकत नाही. लॉस एंजेलिससारख्या शहरात ३० ठिकाणी, बहुतेक लोकांच्या परसांत, सापळे लावले होते. पहिल्या तीन महिन्यांच्या मालातून फोरिड कुलातल्या दहा हजारांहून जास्त माश्या तपासल्या, आणि २०१५ मध्ये ३० नव्या प्रजाती जाहीर झाल्या. सगळ्या एकाच गोत्रातल्या.

भारताचा हिशेब असा मांडता येतो. जगातल्या नोंदलेल्या सजीवांपैकी ७ ते ८ टक्के भारतात आहेत, असं सरकारी अहवालांत नेहमी येतं. माश्यांना तेच प्रमाण लावलं तर १ लाख ६० हजारांतून आपल्या वाट्याला ११ ते १३ हजार यायला हव्यात. नोंद आहे सहा हजारांच्या वर, म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास. हा अंदाज आहे, मोजणी नाही. पण खातेवहीत निम्मी पानं कोरी दिसतात.

सर्वांत मोठी तूट गादमाश्यांच्या कुलात आहे. भंडारा-गडचिरोलीकडे धानाचा कोंब पोकळ नळीसारखा करणारी गादमाशी याच कुलातली. जगात या कुलाच्या नाव मिळालेल्या प्रजाती सुमारे ६,६००. २०१६ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी डीएनएच्या आधारे अंदाज बांधला, तेव्हा एकट्या कॅनडात १६ हजार आणि जगात १८ लाखांपर्यंत प्रजाती असाव्यात असं निघालं. १७५८ पासून २६० वर्षांत ६,६०० म्हणजे वर्षाला २५. याच चालीने १८ लाख संपवायला सुमारे ७२ हजार वर्षं लागतील. अंदाज दहापट फुगलेला निघाला, तरी सात हजार वर्षं आहेतच.

०.४ मिलिमीटर : वर्णन म्हणजे नेमकं काय

जगातल्या सर्वांत लहान माश्यांपैकी एक ०.४ मिलिमीटरची. थायलंडमधली ही माशी २०१२ मध्ये ब्रायन ब्राऊन यांनी जाहीर केली. सोयाबीनवरची खोडमाशी तिच्या पाचपट. तरीही डोळ्यांनी तिची ओळख पटत नाही, म्हणून वर्णन करणाऱ्याचं काम टेबलावर सुरू होतं.

माशी वाळवून अगदी बारीक टाचणीवर बसवतात. डोक्यावरचे राठ केस मोजतात : डोळ्याच्या कडेला किती जोड्या, कुठल्या दिशेला वळलेल्या. पंखावरच्या शिरांच्या तुकड्यांची लांबी मोजून एकमेकींशी गुणोत्तर काढतात. आणि मग मुख्य काम. नराचं पोट कापून कॉस्टिक पोटॅशच्या कोमट द्रावात ठेवतात. मांस विरघळतं, कठीण भाग उरतात. ते ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून जननेंद्रियाचा आकार पाहतात. काळ्या, एकसारख्या दिसणाऱ्या माश्या इथे वेगळ्या पडतात, कारण हा भाग प्रजातीगणिक बदलतो. आकाराने मिलिमीटरच्या एक-दोन दशांश. तो सुईने फिरवायचा, तीन बाजूंनी पाहायचा आणि चित्र काढायचं. एक शिंक आली तरी दिवस वाया.

पुढची पायरी तुलनेची. आजवर वर्णन झालेल्या जवळच्या सगळ्या प्रजातींची कागदपत्रं काढायची, गरज पडली तर मूळ नमुने पाहायचे. ते नमुने कलकत्त्याला असतात, लंडनला असतात. 'ही नवी आहे' असं म्हणण्याआधी 'ही जुनी नाही' हे शेकडो वेळा सिद्ध करावं लागतं.

मग संहितेचे नियम. नाव लॅटिन लिपीत. १९३० नंतरच्या नावाला वेगळेपण सांगणारं वर्णन हवंच. १९९९ नंतरच्या नावाला एक नमुना 'होलोटाइप' म्हणून नेमून दाखवायला हवा. पुढे कधीही वाद झाला की निकाल त्या एका नमुन्यावर. वाशिमकरांना हे समजायला ताम्रपट आठवावा. वाशिम म्हणजेच जुनं वत्सगुल्म, ही गोष्ट लोककथेवर उभी नाही. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा वत्सगुल्माहून दिलेला ताम्रपट इथेच सापडला. दाव्यामागे पत्रा आहे. होलोटाइप हा माशीचा ताम्रपट.

तो पत्रा घरच्या कपाटात ठेवायची सोय नाही. जैवविविधता कायदा २००२, कलम ३९ : नवी प्रजाती सापडली की ठरवून दिलेल्या संस्थेला कळवायचं आणि नमुना तिथे जमा करायचा. प्राण्यांसाठी अशी मुख्य संस्था भारतीय प्राणी सर्वेक्षण. तिची स्थापना १ जुलै १९१६ ची. वाशिम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. वाढदिवस एक, वयात ८२ वर्षांचं अंतर. सर्वेक्षणाचं आपल्याला जवळचं केंद्र पुण्यात, आकुर्डीला.

२१ वर्षं : कपाटातला मुक्काम

२०१२ मध्ये फ्रेंच संशोधकांनी एक साधा प्रश्न विचारला : नवी प्रजाती पहिल्यांदा गोळा झाली कधी आणि जाहीर झाली कधी? २००७ मध्ये जाहीर झालेल्यांपैकी ६०० प्रजाती निवडून त्यांनी तारखा जुळवल्या. सरासरी अंतर २०.७ वर्षं निघालं. म्हणजे नव्या प्रजाती बहुतेक वेळा रानात सापडत नाहीत, कपाटात सापडतात. कोणीतरी बाटली भरून ठेवलेली असते; ती उघडणारा एकवीस वर्षांनी येतो.

डीएनएने हा मुक्काम थोडा कमी केला. माशीच्या एका पायातून एका जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचला, की ढीगभर माश्यांचे गट पटापट पाडता येतात. पण गट म्हणजे नाव नाही. गटाला जुनं नाव लावायचं की नवं, हे ठरवायला शेवटी ग्लिसरीनचा थेंब आणि कोणाची तरी वाकलेली पाठ लागतेच.

५ प्रजाती, १ नाव : चुकीची किंमत

खेड्यांत मलेरिया पसरवणारा आपल्याकडचा मुख्य डास म्हणजे ॲनोफेलिस क्युलिसिफेसीज. डासही द्विपंखीच. १९०१ मध्ये त्याला नाव मिळालं आणि तो एकच समजला गेला. १९८० पासून गुणसूत्रांच्या पट्ट्या वाचायला घेतल्या, तेव्हा एका नावाखाली पाच प्रजाती निघाल्या. अजून त्यांना ए, बी, सी, डी, ई अशीच अक्षरं आहेत. त्यांतली बी मलेरिया फारसा पसरवत नाही. म्हणजे डास मोजून फवारणी ठरवली आणि तिथे बीच जास्त असली, तर पैसा आणि औषध भलतीकडे गेलं.

दुसरा हिशेब आपल्याच माशीचा. ब्राझीलच्या दक्षिणेकडच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यात १९८० च्या दशकातच सोयाबीनच्या खोडात अशा अळ्या दिसल्या होत्या. प्रजाती ठरली नव्हती. ती मेलानाग्रोमायझा सोजेच आहे, हे डीएनए तपासून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे पॅराग्वे, बोलिव्हिया, अर्जेंटिना इथेही ती नोंदली गेली. तीन दशकं ती माशी शेतात होती, आणि कागदावर तिचं अर्धंच नाव होतं.

४ ओळी : वाशिमकडून काय जाऊ शकतं

वाशिम जिल्ह्यात ६ तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११,९७,१६०. सूक्ष्मदर्शकावर बसून माश्यांची नावं ठरवणारे इथे उद्या शेकड्याने तयार होणार नाहीत. पण २१ वर्षांच्या त्या प्रवासाचं पहिलं पाऊल सूक्ष्मदर्शकाचं नसतं.

किडी मोजायची सवय जिल्ह्याला आहे. क्रॉपसॅप या राज्याच्या कीड सर्वेक्षण प्रकल्पात २००९ पासून शेतांत ठरावीक ठिकाणी जाऊन नोंदी होतात. रिसोड तालुक्यात करड्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, शेजारी अकोल्याला १९६९ पासून कृषी विद्यापीठ. खोड चिरून पाहणारे हातही आहेत. फक्त चिरलेलं खोड आकडा लिहून झाल्यावर बांधावर पडतं. तेवढ्या आकड्याने भागतं, कारण सर्वेक्षणाला टक्का हवा असतो. नाव ठरवणाऱ्याला माशी हवी असते.

पिवळे चिकट सापळे त्यासाठी फार कामाचे नाहीत. गोंदात केस तुटतात आणि ओळख त्या केसांवर असते. खोड जास्त चांगलं. कोष असलेलं खोड बरणीत ठेवायचं, तोंडाला मलमलचं फडकं बांधायचं. आठ-दहा दिवसांत माशी बाहेर येते. अशी पाळून काढलेली माशी जाळीत पकडलेल्या शंभरांपेक्षा मोलाची, कारण ती कशावर जगते हे तिच्याबरोबरच नोंदलं जातं. कधी त्याच खोडातून माशीऐवजी तिच्या अळीवर वाढलेली चिमुकली गांधीलमाशी निघते. ती शेतकऱ्याच्या बाजूची; तिलाही डबी हवी.

माशी अल्कोहोलच्या कुपीत टाकायची आणि आत कागदाची चिठ्ठी. पेन्सिलने, कारण शाई अल्कोहोलमध्ये उतरते. चिठ्ठी नखाएवढी, ओळी चार : गाव, तालुका, जिल्हा. तारीख. सोयाबीनच्या खोडातून. गोळा करणाऱ्याचं नाव.

ती माशी बहुधा सोजेच निघेल. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा सोजेच. एखादी वेगळी निघाली, तर आकुर्डीत किंवा कलकत्त्यात कोणीतरी तिचं पोट कापेल, चित्र काढेल, नाव शोधेल. ठिकाणावरून ठेवायचं झालं तर शेवटी 'एन्सिस' लावायची रीत आहे : वाशिमेन्सिस, किंवा हौस असेल तर वत्सगुल्मेन्सिस. तो माणूस वाशिमला कधी आलाही नसेल. त्याच्यापुढे वाशिम म्हणून असेल ती पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी. ती नसेल, तर कुपीतली माशी कुठलीच नाही.